दारूकाम : दरबारातून पोरांच्या खिशात

'दारू' हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ औषध. आपल्याकडे तो आला तो बाटलीतली दारू आणि तोफेतली दारू असे दोन्ही अर्थ घेऊन. दारूगोळा, दारूखाना, दारूकाम हे शब्द त्यातल्या दुसऱ्या अर्थाचे. मुंबईत रे रोडजवळच्या एका भागाला अजूनही दारूखानाच म्हणतात. 'आतषबाजी' हाही फारसीच शब्द. आतष म्हणजे आग. 'फटाका' मात्र आपला स्वतःचा. आवाजावरूनच त्याचे नाव पडले.

दिवाळीत पोरे रॉकेटला 'बाण' म्हणतात, तेव्हा हा शब्द कुठून आला याचा विचार कोणी करत नाही. बाण हे मराठी फौजांचे हत्यार होते. नळीत दारू ठासायची, ती काठीला बांधायची आणि शत्रूच्या घोड्यांच्या व हत्तींच्या अंगावर सोडायची. लढाईच्या वर्णनांत बाणांच्या कैच्यांचा उल्लेख जागोजाग येतो. दोन-तीनशे वर्षांपूर्वी रणांगणात हत्ती उधळवणारी ही वस्तू आमच्या लहानपणी रिकाम्या बाटलीत उभी राहायची. एवढा प्रवास तिने कसा केला, ते आज पाहायचे आहे.

आमचे गाव सोनई. तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून अहिल्यानगर. दारूच्या इतिहासात या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, पण त्याआधीची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १२९० मध्ये नेवाशाला पैसाच्या खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा दिवाळी होती, पण फटाका नव्हता. ज्ञानेश्वरीतली दिवाळी दिव्याची आहे. उजेड हेच त्या सणाचे सर्वस्व होते. आवाज आणि धूर पुढे आले.

ते आले तोफेच्या मागोमाग. सोळाव्या शतकात नगरची निजामशाही तोफा ओतण्यासाठी नावाजलेली होती. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या काळात रूमीखान नावाच्या तुर्क कारागिराने नगरला एक तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन. तिचे तोंड इतके रुंद की माणूस आत शिरून बसावा. हीच ती 'मुलुख-ए-मैदान'. नगरहून ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला. आज ती तिथल्या बुरुजावर आहे. विजापूरला सहलीला गेलेली नगरची मुले ती पाहून येतात. ती आपल्या गावची लेक आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

याच नगरच्या किल्ल्याला १५९५ च्या अखेरीस मोगलांनी वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले. चांदबिबीला बातमी लागली आणि तिने काही सुरुंग आतून खणून निकामी करवले. एक मात्र उडालाच आणि तटाला खिंडार पडले. ते तिने रातोरात बुजवून घेतले. नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट शाळेत ऐकायला मिळते. आम्ही दिवाळीत मातीचा किल्ला करायचो आणि सण संपला की त्याच्या पोटात सुतळी बॉम्ब पेरून तो उडवायचो. त्या वेळी एक गट मोगलांचा असायचा आणि एक चांदबिबीचा. किल्ला मात्र दर वर्षी पडायचाच.

युद्धातली ही दारू करमणुकीला लागली तीही राजांच्याच दारात. या विषयाचा सर्वांत कसून शोध घेतला तो एका मराठी माणसाने. परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक होते. हिंदुस्थानातल्या १४०० ते १९०० या काळातील दारूकामाच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोड्यांनी संस्कृत पोथ्या, बखरी, संतकाव्य आणि प्रवाशांची वर्णने असे सगळे चाळून फटाक्यांचे उल्लेख गोळा केले. फटाक्यासारख्या पोरकट मानल्या जाणाऱ्या वस्तूसाठी एवढ्या मोठ्या विद्वानाने एवढे कष्ट घ्यावेत, याचे आजही कौतुक वाटते.

त्यातले दोन-तीन उल्लेख पाहू. १४४३ मध्ये इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरला आला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात त्याने दारूकाम पाहिले. एकनाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात दारूकामाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार उडतात. द्वारकेत दारू कुठली? पण नाथांनी आपल्या काळातली लग्ने पाहिली होती. पैठण काही आमच्या भागापासून फार लांब नाही. म्हणजे गोदाकाठच्या थोरामोठ्यांच्या लग्नात त्या काळी दारूकाम होत असणार, एवढे त्यावरून कळते.

१६०९ चा उल्लेख तर थेट निजामशाहीचा आहे. विजापूर दरबारातल्या एका सरदाराची मुलगी निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या मुलाला दिली. त्या लग्नात नुसत्या दारूकामावर सुमारे ऐंशी हजार रुपये खर्च झाले. ते रुपये १६०९ चे, हे ध्यानात घ्या.

आणि पेशव्यांच्या बखरीतली ती हकीकत तर पुण्याच्या लोकांनी पाठच करावी. महादजी शिंदे पुण्याला आले असताना त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तिथे चार दिवस लाखो दिवे लागतात आणि शहराबाहेर दारूची लंका करतात. दारूचा रावण, दारूचे राक्षस, दारूचा मारुती. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत उडत लंका पेटवत जातो. पेशव्यांना ते पाहायची इच्छा झाली. महादजींनी काही दिवसांत सारी तयारी करवली आणि पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री पेशव्यांनी, सरदारांनी आणि पुण्याच्या लोकांनी ती लंका जळताना पाहिली.

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट सारखी आहे. दारूकाम कोणी करवले ते आहे, कोणी पाहिले ते आहे, खर्च किती झाला तेही आहे. ती लंका कोणी बांधली, नळे कोणी ठासले, मारुतीच्या शेपटीला बत्ती कोणी दिली, त्याचे हात भाजले का, याबद्दल अक्षरही नाही. करवणारा आणि पाहणारा इतिहासात राहिला. करणारा धुरासारखा निघून गेला.

राजे गेले तसे दारूकाम गावाच्या जत्रेत आले. आमच्या भागातही मोठ्या यात्रेच्या हँडबिलावर पालखी, छबिना, कुस्त्यांचा हंगामा आणि तमाशा यांच्या जोडीला 'शोभेचे दारूकाम' ही ओळ असायची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि रात्रभर दारूकाम चालते. ते बघायला माणसे लांबून येतात. इथे फरक एवढा पडला की खर्च एका धन्याच्या तिजोरीतून होत नव्हता, लोकवर्गणीतून होत होता. धनी गेला, पण पाहणारे बहुतेक लोक पाहणारेच राहिले.

खेड्यातल्या माणसाला दारूची आणखी एक ओळख होती, ती विहिरीची. आमचा भाग काळ्या कातळाचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे ठिकठिकाणी विहिरी खोल केल्या जात होत्या. पहारीने भोके पाडायची, त्यात सुरुंग ठासायचे, वात पेटवून माणसे लांब पळायची. सगळा शिवार कान देऊन बार मोजायचा. जेवढे सुरुंग भरले तेवढे बार झाले नाहीत, तर विहिरीत उतरायची कोणाची छाती होत नसे. आमच्या आधीच्या पिढीने मोठा बार ऐकला तो असा, पाण्यासाठी. त्यामुळे दिवाळीत पोरांनी उगाच बार काढलेले त्यांना फारसे कौतुकाचे वाटत नसत.

आता तमिळनाडूकडे वळू, कारण पोरांच्या खिशात फटाका आला तो तिकडून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे विकले जाणारे फटाके बरेचसे परदेशी असत, चीनचे, इंग्लंडचे. शिवकाशी हे तेव्हा कोरडवाहू, पावसाने पाठ फिरवलेले गाव. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे चुलतभाऊ १९२० च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याला गेले, काडेपेटी करायचे काम शिकले आणि परत येऊन त्यांनी गावात तो धंदा काढला. काडेपेटीमागून फटाके आले. १९४० मध्ये स्फोटकांचे नवे नियम लागू झाले, परवान्यांची पद्धत बसली आणि महायुद्धामुळे बाहेरचा माल बंद झाला. शिवकाशीचे कारखाने उभे राहिले ते या दिवसांत. हवा कोरडी आणि पाऊस कमी. शेतीला जे मारक तेच फटाक्याला तारक ठरले. लाल कागदात गुंडाळलेली लवंगीची माळ देशभरातल्या किराणा दुकानांत पोहोचली. आपल्याकडेही धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात हा धंदा वाढला.

सोनईला हा फटाका हाताशी आला तो उसाच्या पैशाने. मुळा धरणाचे पाणी आले, मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्या गावात दिवाळीला करंजीचे सारणही मोजून भरत, त्या गावात सणाआधी उसाचा हप्ता आणि सभासदांची साखर येऊ लागली. ऐंशीच्या दशकात आम्ही हायस्कुलात होतो. रस्त्याकडेला बाजेवर फटाके मांडलेले असत. बाप खरेदीला गेला की धाकट्यांसाठी फुलबाज्या, भुईचक्र, झाड, नागगोळी अशी शोभेची पाकिटे घ्यायचा. आम्हाला हवे असत आवाजाचे, आणि त्यासाठी घरातून पैसे मिळत नसत. म्हणून वर्गणी.

पाच-सहा जणांची वर्गणी म्हणजे एक छोटी सहकारी संस्थाच होती. कोणी शेंगा विकून पैसे आणायचा, कोणी मामाने हातावर ठेवलेले. एकाकडे नुसती काडीपेटी असायची, तोही सभासद. माळ आणली की ती अखंड लावायची नाही, हा पहिला नियम. माळ सोडून एकेक फटाका सुटा करायचा, मोजायचा आणि वाटायचा. शंभराची माळ सलग उडवली तर मिनिटभर पुरत नाही. सुटी केली तर लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत जाते. अखंड माळ लावायचा मान दुकानदारांचा, तोही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. ती लागली की आम्ही डब्याखाली ठेवलेला आमचा फटाका राखून ठेवायचो. त्या गोंगाटात तो वाया गेला असता.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीत पहिला बार कोणाचा, ही मोठी चुरस. उटणे लावलेले अंग आणि थंडी यांची पर्वा न करता पोरे अंगणात यायची. ज्याचा बार पहिला, त्याच्या नावाची चर्चा तुळशीच्या लग्नापर्यंत. एकाची वात दमट निघाली आणि शेजारच्या गल्लीने बाजी मारली, तर त्याने वर्षभर ऐकून घ्यायचे.

पैसे संपले की कारागिरी सुरू व्हायची. सायकलच्या तारेचे नट, काडीपेटीच्या काड्यांची खरवडलेली गुलं, एक खिळा आणि सुतळी एवढ्यावर बार निघे. त्याच्यापुढची पायरी म्हणजे गंधक-पोटॅश. लोखंडी नळीची, दांड्याची ती ठोकायची बंदूक लोहाराकडे करून मिळायची. या मिश्रणाला वात लागत नाही, ते घासण्यानेच पेटते, आणि तोच त्याचा धोका. आमच्यातल्या एकाच्या हातात ते अवेळी उडाले. त्याचा उजवा अंगठा आजही नीट वाकत नाही. ऊस मोजताना, सही करताना, चहाचा कप धरताना ते दिसते. गंधक आणि क्लोरेट यांचे हे मिश्रण फटाक्यात वापरायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. ती बातमी कोणत्या पानावर आली होती ते आमच्यापैकी कोणाला आठवत नाही. त्या अंगठ्याने मात्र ती आधीच सांगितली होती.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा. बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन यायच्या आणि माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. पाडव्याच्या सकाळी आम्ही पेठेत फुसके फटाके वेचायला जायचो. वात जळालेली पण न उडालेली लवंगी मधे मोडायची, दारू कागदावर झाडायची आणि तिला काडी लावायची. फुर्रकन उजेड पडायचा. एका वर्षी आमच्या आधीच टोळीतली पोरे तिथे येऊन गेलेली होती. सगळे फुसके त्यांच्या टॉवेलात बांधलेले. आधी भांडण झाले. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "कोपीपाशी लावू देत न्हाईत. तुम्ही जागा दाखवा, दारू आमची." कोप्या पाचटाच्या, एक ठिणगी पडली तर सारी वस्ती जाणार. त्यांच्या दिवाळीला काडी लावायलासुद्धा जागा नव्हती. ओढ्याच्या वाळूत सगळ्यांनी मिळून दारू झाडली आणि ढीग पेटवला. काडी त्यांनी लावली. विकत घेतलेल्या फटाक्यांतला एकही आज नेमका आठवत नाही. तो फुसक्यांचा उजेड आठवतो.

मलिक अंबराच्या घरच्या लग्नात आणि पर्वतीच्या पायथ्याशी जे झाले नव्हते, ते त्या वाळूत होत होते. पैसे जमवणारा, दारू ठासणारा, बत्ती लावणारा आणि पाहणारा एकच होता. दारूकामाचा धनी त्या वयात पहिल्यांदा आम्ही झालो होतो. दोस्तांबरोबरच्या फटाक्यांची आठवण एवढी पक्की राहते, याचे कारण आवाजात नाही, या मालकीत आहे.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आम्ही माळ सोडून एकेक लवंगी वाटत होतो, तेव्हा शिवकाशीत ती माळ गुंफणारे हात पुष्कळदा आमच्याच वयाचे किंवा आमच्याहून लहान होते. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने काडेपेट्या आणि फटाके यांच्या कामाला मुले लावण्यास बंदी केली. तरी ते चालू राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की धोक्याच्या कामाला लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने वीस हजार रुपये भरावेत आणि ते त्या मुलाच्या भल्यासाठी वापरावेत. पुढे मुलांची संख्या घटली, पण काम धोक्याचेच राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळच्या एका कारखान्यातल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. पेशव्यांच्या बखरीत लंका बांधणाऱ्याचे नाव नाही. आमच्या पाकिटावर छाप होता, चित्र होते, किंमत होती. करणाऱ्याचे नाव तिथेही नव्हते.

गेल्या पंचवीस वर्षांत फटाक्याभोवती नियमांचे कुंपण वाढत गेले. १९९९ मध्ये आवाजाची मर्यादा ठरली : फटाका उडतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना बंदी केली. म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटेचा तो पहिला बार कायद्याने संपला. २०१८ मध्ये न्यायालयाने कमी धुराच्या, 'हरित' फटाक्यांनाच परवानगी दिली आणि दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली. हे हरित फटाके तयार केले ते आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने. धुरातले कण निदान तीस टक्क्यांनी कमी व्हावेत, असा त्यांचा बेत आहे. दम्याच्या माणसाला, तान्ह्या मुलाला, दावणीच्या जनावराला यातून थोडा जरी दिलासा मिळाला तरी तो मोलाचा आहे.

नियम आले म्हणून पोरांची हौस मात्र जात नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या घरगुती बंदुका मुलांच्या हाती आल्या आणि शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. काहींची दृष्टी गेली. पिकावरची पाखरे आणि माकडे हाकलायचे साधन खेळणे होऊन बसले. आमच्या काळी गंधक-पोटॅश होते, आज कार्बाइड आहे. नुसते 'नको' म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा हात थांबत नाही. त्या वयात त्याला पाहणारा व्हायचे नसते, करणारा व्हायचे असते. एवढे ओळखून घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने त्याच्याजवळ उभे राहिले, तर अंगठे आणि डोळे दोन्ही वाचतील.

आणि गोडे यांनी जसे पोथ्या चाळून कण वेचले, तसे एक काम घरोघर करता येण्यासारखे आहे. यंदा फराळाला बसल्यावर घरातल्या जुन्या माणसांना विचारा : तुमच्या हातातला पहिला फटाका कोणता, तो कोणाच्या पैशाने आला, आणि तो लावताना जवळ कोण होते? उत्तरे लिहून ठेवा. दरबारांचे दारूकाम बखरकारांनी लिहून ठेवले. गावातल्या पोरांचे आणि उसाच्या फडावरच्या पोरांचे दारूकाम लिहायला कोणी बखरकार येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)